ओला ओव्हरकोट

ओजसच्या उंच खुर्चीमागे मयूरा हातात वाटी आणि चमचा घेऊन चोरासारखी उभी होती. आपली सावली त्याच्या पुढ्यातल्या ट्रेवर पडत नाहीये ना, हे तिनं आधी बघून घेतलं. खिडकी बंद होती, म्हणजे वाऱ्याची झुळूक नाही. पायांत मोजे, म्हणजे पावलांची चाहूल नाही. मग तिनं चमचा वाटीवर हाणला.

ओजस केळं चिवडत राहिला.

केळ्याचा एक गोळा त्यानं ट्रेवर चिकटवला, त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि पुन्हा सोडवून तोंडात घातला. आपल्या मागे वाटीला पोचा येईल इतक्या जोरात काही वाजलं, याची त्याला गंधवार्ता नव्हती. किंवा होती, आणि पर्वा नव्हती. या दोहोंतलं नेमकं काय, तेवढंच मयूराला हवं होतं, आणि तेवढंच कळत नव्हतं.

मे महिन्यात त्याला ताप आला होता. साधासुधा नाही, अंगावर हात ठेववेना असा. ताप उतरला, पोर पुन्हा खायला लागलं, रांगायला लागलं, पण हाकेला वळेनासं झालं. त्याआधी दारावरची बेल वाजली तरी टुणकन मान वळवणारा मुलगा तो. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं की सर्दीतापानंतर कानात पाणी साठतं, बहुतेक वेळा आपोआप उतरतं, तरी कानांची नीट तपासणी करून घेऊ. तपासणीची तारीख मिळाली आणि जून संपता संपता कोरोनामुळे सिडनी बंद झालं. क्लिनिकमधली मुलगी फार गोड आवाजात म्हणाली की सध्या फक्त तातडीच्याच केसेस घेतोय, नवी तारीख कळवू, नो वरीज. मयूराला त्या दोन शब्दांचा इतका संताप यापूर्वी कधी आला नव्हता.

सलिल म्हणे, मुलं अशीच असतात, खेळात असली की ढिम्म हलत नाहीत. सलिल पलीकडच्या खोलीत दिवसभर हेडफोन लावून मीटिंगांमध्ये बसलेला असे. त्याच्याकडे बघून मयूराच्या मनात यायचं, कान असून न वापरणाऱ्या माणसाला काय कळणार. पुण्याला आईला तर तिनं काही सांगितलंच नव्हतं. आई बाळंतपणाला येणार होती, डिंकाच्या लाडवांचं सामानसुद्धा आणून ठेवलं होतं तिनं, आणि ऑस्ट्रेलियाची दारं बंद झाली. ओजस आता वर्षाचा व्हायला आला होता, आणि आजीला तो अजून फोनच्या काचेएवढाच ठाऊक होता. त्या काचेतून तिच्याकडे आणखी एक काळजी कशी ढकलायची? शिवाय आईला सांगितलं की ती गोष्ट खरी होणार, असंही मयूराला आतून वाटत होतं.

म्हणून ती एकटीच परीक्षा घेत राहिली. वाटी-चमचा, कुकरची शिटी, टाळ्या, मोबाइलवरचं कुत्र्याचं भुंकणं. आणि दिवसभर, अधूनमधून, पाठीमागून, एका पट्टीत, ओजस. ओजस. ओजस.

घरामागे चार पावलांचं अंगण होतं आणि त्याला राखाडी पत्र्याचं, डोक्यापेक्षा उंच कुंपण. केलीव्हिलमधल्या त्या सगळ्या गल्लीत तसंच होतं. घरं एकमेकांना चिकटून आणि मधे पत्रा. ऑगस्टचं ऊन दुपारचं तेवढंच तिथे यायचं. मयूरा सतरंजी टाकून ओजसला बसवायची, पुढ्यात कपड्यांच्या चिमट्यांची बादली ओतायची आणि कपडे वाळत घालायची. एक दिवस हे असं चाललेलं असताना पलीकडे फिडल, म्हणजे आयरिश ढंगाचं व्हायोलिन, सुरू झालं.

त्यात नवल काहीच नव्हतं. पलीकडे नोरीन राहायची. ऐन तारुण्यात आयर्लंडहून इथे आलेली, आता पंच्याहत्तरीच्या पुढची, एकटी. तोंडावर मयूरा तिला नुसतं नोरीन म्हणे, इथे तशीच रीत; पण ओजसला दाखवताना नोरीनआजी म्हणे, आणि मनातही तेच. आजीच्या झाडाची लिंबं पिशवीत भरून कुंपणावरून इकडे यायची आणि मयूराचं गोड लोणचं बाटलीतून तिकडे जायचं. ते ती टोस्टवर चीजसोबत खाते, हे ऐकून सलिल बराच वेळ हसला होता. लॉकडाउनच्या आधी आजी दर आठवड्याला एका पबमध्ये जायची. तिथे तिच्यासारखी माणसं गोल करून बसायची आणि आपल्या गावाकडच्या नाचाच्या चाली वाजवायची. ते बंद पडल्यापासून ती अंगणातच वाजवत होती. मयूराच्या लेखी तो आवाज म्हणजे शेजारचा रेडिओ.

सलिलचा शर्ट झटकून ती वळली आणि तशीच उभी राहिली. ओजस बसल्या जागी उड्या मारत होता. दोन्ही हातांत एकेक चिमटा, तोंड कुंपणाकडे, आणि डायपरवर बुद्धुक बुद्धुक, अगदी ठेक्यात.

मयूरा ओल्या शर्टासकट खाली बसली. पण तिचा स्वभाव असा की आनंद दारात आला तर त्यालाही आधी ओळखपत्र विचारायचा. पत्रा थरथरतोय का? तिनं कुंपणाला तळहात लावून पाहिला. कुंपणावर एखादा पक्षी येऊन बसला होता का? तेव्हा तिनं ठरवलं, उद्या याला पाठमोरा बसवायचा.

दुसऱ्या दिवशी पाठमोरा ओजस चिमटे चावत बसला. फिडल वाजत होतं, तो हलला नाही.  मग मयूराच्या ध्यानात आलं की आजची चाल कालची नाहीये. म्हणजे, तीच होती आणि नव्हतीही.

लहानपणी ती पुण्यात सुनेत्राताईंकडे व्हायोलिन शिकली होती. आठ वर्षं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं पलीकडचं वाजणं कान देऊन ऐकलं. दादऱ्यासारखी सहा मात्रांची, गिरकी घेत पळणारी चाल. स्थायी-अंतऱ्यासारखे दोन भाग. पहिला दोनदा, दुसरा दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. पण एका फेरीत जिथे तीन सूर लगबगीनं आले, तिथे पुढच्या फेरीत एकच लांब सूर. अंतरा एकदा वरून उतरला, एकदा खालूनच चढला. मयूराला राहवेना. सुनेत्राताईंच्या क्लासात असं चालत नसे. संगीताच्या परीक्षेत परीक्षकांसमोर आपल्या मनानं म्हणून घ्यायच्या ताना तिथल्या सगळ्या मुली घरून घोकून जात. एक सूर इकडचा तिकडे झाला तर ताई बोटांवर गज टेकवायच्या. मयूराला दर वेळी विशेष योग्यता मिळायची. त्यात भर म्हणजे पुढे ती मायक्रोबायॉलॉजी शिकली. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच्या तसं ठेवायचं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं.

मुलगा ऐकतो की नाही हे बघायचं, तर चाल रोज तीच हवी.

तिनं कुंपणावर टकटक केलं. पलीकडे दुधाचा क्रेट ओढल्याचा आवाज झाला आणि पत्र्याच्या वर नोरीनआजीचं पांढरं डोकं आलं, हनुवटीला लोंबणारा मास्क, एका हातात फिडलचा गज.

मयूरानं इंग्रजीत, अदबीनं विचारलं की ही चाल मुळात कशी आहे. बरोबर कुठली.

"बरोबर?" आजी म्हणाली. "बरोबर तर सगळ्याच, पोरी."

मग तिनं सांगितलं ते असं. हिला तिची आई 'ओला ओव्हरकोट' म्हणायची. डोंगरापलीकडच्या गावात हिलाच 'पाद्रीबाबाची गाय' म्हणतात आणि जरा सावकाश वाजवतात, गाय असल्यामुळे असेल. पबमध्ये येणारा एक जण हिला सरळ स्वतःच्या आजोबांचं नाव लावतो, पण तो लबाड आहे, आणि शिवाय चांगलं वाजवतो. आईची तऱ्हा वेगळी, बहीण डेलियाची वेगळी. आज आपल्या हातून कोणाची निघणार हे आजीला स्वतःला गज लावेपर्यंत ठाऊक नसायचं. म्हणून तर वाजवायचं, ती म्हणाली.

"तुम्हाला रोज एकच वाजवता येईल का?" मयूरा म्हणाली. "अगदी तीच. एक सूर न बदलता."

आजीच्या कपाळावर आठी पडली. तशी मयूरानं कारण सांगून टाकलं. ताप, हाका, वाटी-चमचा, थांबलेली तारीख. सांगताना ती आजीकडे नाही, पत्र्याच्या कडेकडे बघत होती. एवढं सगळं एका दमात तिनं कोणापाशीही बोलून दाखवलं नव्हतं, आणि दाखवलं ते एका क्रेटवर उभ्या असलेल्या परक्या बाईला.

 नोरीनआजी म्हणाली की तशी एक तऱ्हा आहे. तरुणपणी ती मुलींच्या नाचाच्या वर्गात साथीला जायची, पॅरामॅटाच्या बाजूला एका हॉलमध्ये. पायांखालची चाल बदलली तर पोरी धडपडतात, म्हणून तिथे वर्षानुवर्षं एकच एक वाजवायची, घड्याळासारखी. हॉलमधून कायमची बाहेर पडली त्या दिवशी तिनं शपथ घेतली होती की पुन्हा काही म्हणून दोनदा तसंच वाजवायचं नाही.

"किती वाजता उठतो तो?" तिनं विचारलं.

"तीनच्या सुमाराला."

"कुंपणावर टॉवेल टाक. टॉवेल दिसला की मी हॉलमध्ये."

असं ठरलं. दुसऱ्या दिवशी मयूरानं पिवळा टॉवेल पत्र्यावर टाकला आणि पलीकडून 'ओला ओव्हरकोट' निघाला, इस्त्री करून, बटणं लावून. पाठमोऱ्या ओजसची मान वर झाली. तो डुलला. मयूरानं धावत जाऊन सलिलला मीटिंगमधून उठवून आणलं, तो हेडफोनची वायर लोंबकळत दारात आला, तोवर चाल संपली होती, पण मयूराच्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, "मी सांगत नव्हतो?"

त्याच्या पुढच्या दिवशी ओजस थोडासा डुलला. मग फक्त मान वर करून खाली घातली. मग तेही नाही. टॉवेल पडत होता, चाल येत होती, सूर न् सूर कालचाच होता, आणि ओजस बादलीत एकेक चिमटा टाकत होता, बाहेर काढत होता. मयूरा त्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसून त्याच्या कानाच्या पाळीकडे बघायची, जणू तिथून काही आत शिरताना दिसेल. आधी ऐकू येत होतं आणि आता तेही चाललंय, दुसरा अर्थ तिला सुचत नव्हता. इंटरनेटवर तिनं वाचलं होतं की काही मुलांचं ऐकणं असं हळूहळू उतरत जातं. तिनं क्लिनिकला पुन्हा फोन केला. आवाज तसाच गोड होता. तारीख तशीच नव्हती.

त्या आठवड्यात वेंटीच्या देशी दुकानातून वाणसामानाची डिलिव्हरी आली. वेंटवर्थव्हिलला स्वतः जाऊन भाजी निवडण्याचे दिवस गेले होते, पाच किलोमीटरच्या पलीकडे पाऊल टाकायला बंदी; आता दुकानदार देईल ती भेंडी. मयूरा पिशव्या पुसून आत घेत होती. स्वयंपाकघरातून किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा.

ती दारात गेली. ओजस फरशीवर डब्यांच्या झाकणांशी खेळत होता. सलिल त्याच्या मागे वाकून उभा होता, पायांत बूट नव्हते, आणि किल्ल्या त्यानं छातीच्या उंचीवर धरल्या होत्या.

"काय करतोयस?"

"काही नाही. किल्ल्या पडल्या."

"सारख्या पडतायत?"

सलिलनं किल्ल्यांकडे पाहिलं. मग तो ओट्याला टेकून खाली बसला. "वळत नाहीये गं तो," तो म्हणाला.

हा रोज असं करायचा. ती अंघोळीला गेली की, ती कपडे वाळत घालायला गेली की. तापापासून. 'मुलं अशीच असतात' हे तो तिला नाही, स्वतःलाच सांगत होता. मयूराला खरं तर चिडायला हवं होतं, इतके दिवस तिला एकटीला घाबरू दिलं म्हणून. पण त्याच्या मोज्याला भोक पडलं होतं आणि त्यातून अंगठा बाहेर आला होता, आणि त्या अंगठ्याकडे बघून तिला काही चिडता येईना. ती त्याच्या शेजारी बसली. ओजस रांगत आला आणि दोघांच्या मांड्यांवर आडवा पडून किल्ल्या चघळू लागला.  पिशवीतलं फ्रोझन खोबरं वितळून पाणी झालं.

दुसऱ्या दिवशी टॉवेल टाकायची तिला हिंमत होईना. जे दिसणार ते दिसायला नको होतं. पण तीन वाजले, ओजस उठला, आणि सवयीनं तिनं टॉवेल टाकला.

पलीकडून काहीच आलं नाही.

ओजस कुंपणाकडे पाठ करून बसला होता. मयूरानं एक चादर वाळत घातली, मग उश्यांचे अभ्रे. बऱ्याच वेळानं फिडल लागलं, पण हॉलमधलं नव्हतं ते. सावकाश होतं. ओव्हरकोट खरोखरच ओला असावा आणि अंगावर जड झाला असावा तसं. पहिला भाग दोनदा झाला. ओजस चिमटे भरत होता. मग अंतरा आला, आणि जिथे चाल रोज उडी मारून वरच्या सुरावर जायची, तिथे ती गेलीच नाही. ती खाली उतरली आणि खालच्या एका सुरावर बसून राहिली. ठेका पुढे निघून जाईल असं वाटावं इतका वेळ.

ओजसचा हात बादलीवर थांबला.

मयूरा जागच्या जागी गोठली. हातात अभ्रा होता, तोही तिनं हलू दिला नाही. तो लांब सूर सुटला, चाल धावत जाऊन ठेक्याला मिळाली, आणि ओजस वळला. सगळाच्या सगळा वळला, कमरेपासून, एक हात सतरंजीवर टेकून. त्यानं पत्र्याकडे पाहिलं. अंतरा दुसऱ्यांदा आला. या खेपेला तो तोंड उघडं टाकून वाट बघत होता. तो खालचा सूर लागला तसा तो हसला. आवाज करून, सगळे चार दात दाखवून.

सावली नव्हती. वारा नव्हता. कुंपणावर पिवळ्या टॉवेलखेरीज काही नव्हतं. मयूरानं ते सगळं पाहिलं, एकदा पाहून पुन्हा पाहिलं.

चाल थांबली. क्रेट ओढल्याचा आवाज आला.

"माफ कर गं," नोरीनआजी म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "आज मला हॉलमधली जमली नाही. डेलिया गेली."

डेलिया म्हणजे तिची धाकटी बहीण, तिकडे गावातच राहिलेली. दफन काल झालं. आजीनं ते लॅपटॉपवर पाहिलं. कोणीतरी कॅमेरा चर्चच्या खांबामागे लावला होता, त्यामुळे अर्धा वेळ खांबच दिसत होता. इथून तिकडे जायला विमानं नव्हती, आणि असती तरी देशाबाहेर पडायलाच सरकारची परवानगी लागत होती.

मयूराला एक गोष्ट सांगायची होती, पण ती आत्ता बोलायची नव्हती. तिनं ओजसला उचललं आणि दोन्ही हातांनी उंच धरलं, त्याचं डोकं पत्र्यावर येईल इतकं. दुसरं काय द्यावं हे तिला सुचलं नाही. आजीला मिठी मारता येत नव्हती, चहाला या म्हणता येत नव्हतं. ओजसनं आजीच्या हातातल्या फिडलकडे बोट केलं.

"ही तिची तऱ्हा होती का?" मयूरानं विचारलं. "तो खालचा सूर?"

"तिची चूक होती ती." आजीनं नाक पुसलं. "लहानपणी वर जायचं विसरायची आणि खालीच अडकून बसायची. आई भाकरी भाजता भाजता ओरडायची, डेलिया, वर! पुढे तिनं हट्टानं तसंच ठेवलं. गावातली पोरं आता तशीच वाजवतात म्हणे."

तेव्हा मयूरानं सांगितलं. जपून, एकेक शब्द, पाणी सांडू नये तसं. तो वळला. त्या सुरावर वळला. तुमच्या डेलियाच्या.

 आजी क्रेटवरून खाली उतरली. पत्र्यापलीकडून आवाज आला, "बसव त्याला. पाठमोरा."

आधी तिनं हॉलमधली चाल वाजवली. ओजसनं एक चिमटा उचलला, चावला, बादलीत टाकला. घोड्यानं शेपटी हलवावी इतकीही त्यानं तिची दखल घेतली नाही. मग मधे न थांबता, तशाच वेगात, आजीनं अंतऱ्यात डेलियाची चूक केली. ओजस गर्रकन वळला.

पत्र्यापलीकडे बाई हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता. "त्याला ऐकू येतंय गं," ती म्हणाली. "कंटाळला होता तो. त्या हॉलमध्ये मीसुद्धा असंच तोंड करून बसायचे."

संध्याकाळी सलिलला तिनं सगळं दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा करून दाखवलं. परीक्षेच्या त्या वाटीवर तिनं नेहमीसारखा एक ठोका दिला, ओजस ढिम्म. मग टक टक-टक, टकाटक असं काहीतरी वेडंवाकडं वाजवलं, आणि तो वळला. सलिल म्हणाला, "तू दिवसभर एकाच पट्टीत त्याला हाक मारतेस. मीपण वळत नाही." मग त्याचं हसणं मधेच थांबलं आणि तो बाथरूममध्ये तोंड धुवायला गेला, आणि बराच वेळ धूत राहिला.

पुण्याला फोन लावून तिनं आईलाही सांगितलं, तापापासूनचं सगळं. आई शांतपणे ऐकून घेत होती. "कळत होतं मला," ती म्हणाली. "मी बोलायला लागले की तू माझ्याकडे बघायचीस कुठे? त्याच्या कानाकडे बघायचीस. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल."

तारीख अजून आली नव्हतीच. आणि मयूरा ती मयूरा. अंथरुणावर पाठ टेकली तशी तिला नवी शंका आली. ऐकू येतंय, पण दोन्ही कानांनी? एका कानानं काम भागत असेल तर? वळतो, पण बरोबर बाजूला वळतो का?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कपाटावरची व्हायोलिनची पेटी खाली काढली. ओजसच्या जन्माआधीपासून ती उघडली नव्हती. दोन तारा ढिल्या पडल्या होत्या, गजाला राळ लावायला हवी होती. तिनं व्हायोलिन आपल्या पद्धतीनं सा-प-सा-प मिळवलं, सतरंजीच्या टोकाला मांडी घालून बसली आणि व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवलं. ओजसला मधे बसवलं, एका बाजूला कुंपण आणि दुसऱ्या बाजूला ती. टॉवेल टाकला.

"आज हॉल नको," तिनं पत्र्याला सांगितलं. "तुम्ही पहिला भाग वाजवा. दुसरा मी वाजवते."

"कोणाचा?"

"बघू."

आजीनं आईच्या तऱ्हेनं सुरुवात केली, चटपटीत, ओट्यावर पीठ उडावं तशी. ओजसनं मान कुंपणाकडे वळवली. भाग दोनदा झाला आणि मयूरानं गज टेकवला. घोकलेलं काहीच हाताशी नव्हतं. तिला डेलियाच्या सुरावर उतरायचं होतं. बोट घसरलं, मींड लांबली आणि सूर भलत्याच ठिकाणी, कोमल गंधाराच्याही जरा खाली, रेंगाळत राहिला. तिथून ठेका पकडताना तिची इतकी धांदल उडाली की सुनेत्राताईंनी हात जोडले असते. आणि ओजसचं डोकं कुंपणाकडून सुटलं आणि सरळ तिच्याकडे आलं. भुवया वर, तोंड उघडं. हे तूसुद्धा करतेस?

पलीकडून पुन्हा पहिला भाग सुरू झाला, डोकं तिकडे. अंतरा, डोकं इकडे. तिकडे. इकडे. मयूरा गजाच्या वरून बघत होती. तिला हवं ते सगळं समोर चाललं होतं, डावं-उजवं, न चुकता, पण नीट खात्री करून घ्यायला तिला थांबावं लागलं असतं, आणि थांबलं की चाल पडली असती.

दोन फेऱ्यांनंतर ओजसला मान फिरवण्याचा कंटाळा आला. त्यानं बादली उपडी केली आणि तिच्यावर चिमट्यानं बडवायला सुरुवात केली. ते सहा मात्रांत नव्हतं, कशातच नव्हतं.

"आणि ही कोणाची?" पत्र्यापलीकडून नोरीनआजी ओरडली.

मयूरानं गज उचलला. तिचा अंतरा आला होता.